घरच्या लेथवर पहिलं छोटं इंजिन: आधी हवा धरायला शिका

माझं पहिलं इंजिन दीड महिना सुरूच झालं नाही. ठिणगी निळी आणि कडक पडत होती, कार्ब्युरेटर पेट्रोलने ओला होता, फ्लायव्हील फिरवून फिरवून तळहाताला घट्टे पडले होते. आधी मी कॉइल बदलली, मग प्लग. नंतर टायमिंग पुढेमागे करत बसलो. शेवटी वैतागून हेड उतरवलं, एक्झॉस्टच्या भोकाला रबरी नळी लावली आणि हलकेच फुंकून पाहिलं. हवा सरळ आरपार. व्हॉल्व्ह बंद दिसत होता, पण सीटवर, म्हणजे तो जिथे टेकून हवा अडवतो त्या कडेवर, बसलेलाच नव्हता.

छोट्या इंजिनात गळती इतकी का नडते, याचं साधं गणित आहे. १०० मिमी बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) इंजिन जसंच्या तसं लहान करून २० मिमी बोअरचं केलं, तर पिस्टनचा परीघ पाचपट कमी होतो, पण सिलिंडरमधली हवा मात्र १२५ पट कमी होते. पिस्टनभोवतीची फट दोन्हीकडे सारखीच ठेवली, तर लहान इंजिनात हवेच्या मानाने निसटायला वाट पंचवीसपट मोठी. मोठ्या इंजिनात चालून जाणारी ढिलाई इथे चालत नाही ती यामुळे. तेव्हा खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं हवा कोंडून ठेवण्याबद्दल आहे. चकाकी, रंग, पितळी पाट्या हे सगळं नंतर.

कोणतं इंजिन निवडावं

पहिल्यांदा 'हिट अँड मिस' प्रकारचं, आडवं, एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक घ्या. यात वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की गव्हर्नरची खिटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच अडकवून ठेवते. मग आत ओढ निर्माण होत नाही, नवं मिश्रण येत नाही आणि जड फ्लायव्हील नुसती फिरत राहते. वेग उतरला की खिटी सुटते आणि पुन्हा एक ठोका पडतो. नवशिक्याला यात दोन सोयी आहेत. इंजिन संथ चालतं, म्हणून बॅलन्सिंग, बेअरिंग आणि तेलपाणी या बाबतीतल्या लहानसहान चुका ते पोटात घालतं. दुसरं म्हणजे, इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीनेच उघडतो, त्यामुळे कॅम एकच करावा लागतो. टू स्ट्रोक कागदावर सोपं दिसतं कारण व्हॉल्व्ह नसतात, पण पोर्टची उंची आणि क्रँककेसची हवाबंदी यांत पहिल्याच खेपेला माणूस अडकतो.

ड्रॉइंग तयार, कुणीतरी चालवून दाखवलेल्या इंजिनाचं घ्या. स्वतःचं डिझाइन तिसऱ्या इंजिनाला करा. आणि ओतीव भागांचा संच मोहात पाडतो, तरी पहिलं इंजिन सळ्या आणि ठोकळ्यांमधूनच कापा. सळीचा जॉब बिघडला तर दुसरा तुकडा कापता येतो, ओतीव भाग बिघडला की संचच अडून बसतो.

मी यापुढे २० मिमी बोअर आणि २५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनच्या वरखाली चालीचं) इंजिन धरून बोलतो. त्याची क्षमता ७.८५ घन सेंमी येते.

हत्यारं आणि माल

लेथ हवाच. मिलिंग मशिन असलं तर उत्तम, नसलं तर लेथच्या क्रॉस स्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड लावून बहुतेक कामं उरकतात, फक्त वेळ जातो. फोर जॉ चक, डायल गेज, ०.०१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर, ३ आणि ५ मिमीचे रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार), बोअरिंग बार आणि चांगले टॅप एवढ्यावर इंजिन उभं राहतं. व्हर्निअर आहे म्हणून मायक्रोमीटर टाळू नका. व्हर्निअरवर दोन शतांशांचा (०.०२ मिमी) फरक हाताच्या दाबाने सहज पडतो, आणि आपलं अख्खं काम तेवढ्यातच आहे.

माल असा लागेल: सिलिंडरच्या लायनरला (आतल्या नळीला) बीड, पिस्टन आणि बॉडीला अॅल्युमिनियम, क्रँकला साधं मध्यम कार्बनचं पोलाद, पिस्टन पिन आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांना सिल्व्हर स्टील, बुश आणि व्हॉल्व्ह गाइडला फॉस्फर ब्राँझ. सिल्व्हर स्टीलची सळी ग्राइंड केलेली, बरोबर मापाची मिळते. तिला टर्न करायचा हट्ट नको, भोकच तिच्या मापाचं रीम करा.

हातमोजे घालून लेथवर उभं राहू नका, चकची चावी चकात विसरू नका, चष्मा डोळ्यांवर ठेवा. बीड कापताना तेल लागत नाही, पण त्याची काळी बारीक पूड उडते. ती गाइडवेच्या तेलात मिसळली की झिजवणारी लेपच तयार होते. बेडवर कागद पसरा आणि काम झाल्यावर कागदासकट उचला.

सिलिंडर

इथे घाई करू नका. पातळ नळी थ्री जॉ चकात आवळली की ती किंचित तिकोनी दबते. तशी दबलेली असताना तुम्ही आत गोल बोअर मारता, आणि चक सैल केल्यावर नळी मूळ आकाराला येते. तिकोन आता बोअरमध्ये गेलेला असतो. मायक्रोमीटरने तो सहसा सापडतही नाही. उपाय असा की बिडाची सळी लायनरपेक्षा २५ मिमी जास्त लांब घ्यायची, तेवढा भरीव भाग चकात धरायचा आणि बोअर, बाहेरचा व्यास, फेस हे तिन्ही त्याच सेटिंगमध्ये संपवून मगच लायनर कापून वेगळा करायचा. एका सेटिंगमध्ये कापलेले पृष्ठभाग आपोआप एकमेकांशी खरे असतात. जॉब काढून पुन्हा पकडला की तो खरेपणा गेला, मग डायल लावून कितीही साधा.

ड्रिलने १८ मिमीपर्यंत जा, नंतर बोअरिंग बार. बार जितका जाड आणि जितका आखूड धरता येईल तितका धरा. शेवटचे दोन-तीन कट डायल न हलवता त्याच मापावर फिरवा. बार दाबून वाकलेला असतो, तो दर फेरीला थोडा थोडा सरळ होत उरलेलं कापतो. १९.९६ च्या आसपास थांबा. उरलेलं लॅपिंगचं काम.

लॅप म्हणजे अॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा चिरलेला दांडा, पाचर किंवा स्क्रूने फुगवता येणारा. लॅप नेहमी जॉबपेक्षा मऊ हवा, म्हणजे अपघर्षक कण लॅपमध्ये रुततात आणि बोअर कापतात. उलटं झालं तर कण सिलिंडरमध्ये रुतून आयुष्यभर पिस्टन खात राहतील. लॅप चकात, हळू वेगावर. सिलिंडर हातात, सैल धरलेला, अडकला तर सोडून देता येईल असा. पुढेमागे सरकवत राहा, मधूनच उलटा करून घाला. लॅप दोन्ही टोकांबाहेर फार काढलात तर तोंडं कर्ण्यासारखी पसरतात. सुरुवातीला हाताला एखाद्या जागी घट्ट आणि एखाद्या जागी ढिलं लागेल. सगळीकडे सारखीच ओढ जाणवली की बोअर सरळ झाला. हा निकाल गेजपेक्षा बोटं लवकर देतात. मग साबण आणि गरम पाण्याने इतकं धुवा की पांढऱ्या कापडावर करडा डाग उठणार नाही, आणि लगेच तेल लावा; धुतलेलं बीड बघता बघता तांबूस होतं.

पिस्टन

बोअर २०.०० च आला पाहिजे असं नाही. १९.९८ आला, २०.०३ आला, काही बिघडत नाही. पिस्टन त्या बोअरला करायचा असतो, ड्रॉइंगला नाही. म्हणून सिलिंडर आधी, पिस्टन नंतर. नवखे उलटं करतात, कारण पिस्टन टर्न करायला सोपा वाटतो.

फट किती ठेवायची ते धातू ठरवतो. २० मिमीचा अॅल्युमिनियमचा पिस्टन १०० अंश तापला की साधारण ४६ मायक्रॉन फुगतो, तेवढ्याच तापात बिडाचा बोअर २२ मायक्रॉन. शिवाय पिस्टन भिंतीपेक्षा नेहमी जास्त गरम. म्हणून अॅल्युमिनियमला ०.०६ मिमी फट द्या आणि डोक्याकडचा भाग एक-दोन शतांश आणखी कमी करा. एवढ्या फटीतून हवा निसटणारच, ती अडवायला रिंग.

बिडाच्या रिंगा करणं हे वेगळं शास्त्र आहे. पहिल्या इंजिनाला व्हायटॉनची ओ-रिंग लावा. ती २०० अंशांपर्यंत टिकते आणि संथ इंजिनात आरामात चालते. फक्त हायड्रॉलिकच्या तक्त्यातलं दाबाचं माप इथे वापरू नका, इंजिन हाताने फिरणारच नाही. खोबणीची खोली अशी ठेवा की रिंग बोअरमध्ये जेमतेम दोन-चार शतांश दबेल, आणि खोबणीची रुंदी रिंगच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. रिंग आत घालताना बोअरच्या तोंडावर तिरपी धार नसेल तर ती कापली जाते, तेव्हा तिथे आधी बारीक चॅम्फर मारा.

पिस्टन पिनचं भोक, पिस्टन सळीला जोडलेला असतानाच पाडून रीम करून घ्या. पोकळ झालेला पिस्टन नंतर काटकोनात पकडणं म्हणजे डोकेदुखी. पिनच्या दोन्ही टोकांना पितळेची किंवा टेफ्लॉनची बटणं बसवा, नाहीतर पिन सरकून मेहनतीने लॅप केलेल्या बोअरवर चर पाडेल.

क्रँक आणि फ्लायव्हील

भरीव सळीतून क्रँक कापणं दिसायला मर्दानी आहे, पण अर्धवट कापलेली सळी वाकते आणि मधला कट टूलला हिसके देतो. जोडून केलेला क्रँक सुरुवातीला बरा. दोन वेब (शाफ्ट आणि क्रँक पिन जोडणाऱ्या पट्ट्या) एकमेकांवर आवळून दोन्ही भोकं एकदमच पाडा आणि रीम करा. अंतर १२.५० ऐवजी १२.४६ आलं तरी स्ट्रोक नखभर कमी होईल, बस. मात्र दोन्ही वेबमध्ये ते तंतोतंत सारखंच हवं, आणि एकत्र पाडल्यामुळे ते सारखंच येतं. मुख्य शाफ्ट अखंड ठेवूनच वेब आणि क्रँक पिन रिटेनिंग कंपाउंडने (धातूचे भाग चिकटवणाऱ्या द्रवाने) जोडा, दिवसभर सुकू द्या, आडव्या पिना मारा आणि मगच वेबच्या मधला शाफ्टचा तुकडा करवतीने कापा. आधी कापलात तर दोन टोकं एका रेषेत आणायला देवाला नवस बोलावा लागेल.

फ्लायव्हीलबद्दल एकच: मधलं भोक आणि बाहेरची रिम एकाच सेटिंगमध्ये. चालताना डोलणारी फ्लायव्हील बघणाऱ्याच्या सगळ्यात आधी डोळ्यांत खुपते.

हेड आणि व्हॉल्व्ह

माझे दीड महिने इथे गेले. चूक अशी होती: गाइडचं भोक मी हेडमध्ये ड्रिल प्रेसवर पाडलं आणि सीट नंतर हाताने कापली. दोघांचे मध्य जुळत नव्हते. व्हॉल्व्ह गाइडमध्ये सुरेख सरकायचा आणि सीटच्या एकाच बाजूला टेकायचा.

आता मी वेगळा ब्राँझचा 'केज' करतो, म्हणजे गाइड आणि सीट एकाच तुकड्यात. बाहेरचा व्यास, २.९ मिमी ड्रिल, ३ मिमी रीमर आणि कंपाउंड स्लाइड ४५ अंशांवर वळवून सीटचा कट, सगळं जॉब चकातून न काढता. हा केज हेडमध्ये ठोकून बसवायचा नाही, ठोकला की सीट दबते. भोक शतांश-दोन शतांश सैल ठेवून उष्णता सोसणारं कंपाउंड लावा आणि हाताने सरकवा.

व्हॉल्व्हसाठी ३ मिमी सिल्व्हर स्टीलच्या दांडीवर स्टीलची चकती सिल्व्हर ब्रेझिंगने जोडा, मग दांडी कॉलेटमध्ये धरून चकतीचा घेर आणि ४५ अंशांचा कोन टर्न करा. ब्रेझिंगमध्ये चकती थोडी वाकडी बसली असली तरी हा कट ती सरळ करतो. सीटची पट्टी ०.३ ते ०.४ मिमी रुंद पुरे. रुंद पट्टी भक्कम वाटते, पण स्प्रिंगचा दाब तिच्यावर पसरतो आणि सील ढिला पडतो. याच कारणाने ग्राइंडिंग पेस्टचा मोह आवरा. बोटांत धरून बारीक पेस्टवर चार-सहा वेळा मागेपुढे फिरवा, पुसा, बघा. अखंड करडी कडी दिसली की थांबा. अर्धी कडी दिसत असेल तर पेस्टने ती पूर्ण होणार नाही. सीट पुन्हा कापा.

मग चाचणी. व्हॉल्व्ह स्प्रिंगसह बसवा, पोर्टला रबरी नळीने १० मिलीची सिरिंज जोडा, दट्ट्या मागे ओढून पाच सेकंद धरा आणि सोडा. दट्ट्या झटक्याने परत गेला तर पोकळी टिकली, व्हॉल्व्ह बसला. दट्ट्या जिथे होता तिथेच सुस्त पडून राहिला तर हवा आत शिरली. दोन्ही व्हॉल्व्ह या परीक्षेत उतरल्याशिवाय पुढचा एकही स्क्रू आवळू नका.

इनलेटची स्प्रिंग एक्झॉस्टपेक्षा कितीतरी मऊ हवी. हेड उलटंसुलटं केलं तरी व्हॉल्व्ह बंद राहावा आणि बोटाच्या नुसत्या स्पर्शाने उघडावा, इतकी.

कॉम्प्रेशन रेशो ५ पुरतो. ७.८५ भागिले ४ म्हणजे वरची मोकळी जागा १.९६ घन सेंमी. पिस्टन वरच्या टोकाला आणून, इंजिन उभं धरून, प्लगच्या भोकातून दुसऱ्या सिरिंजने पातळ तेल भरा. किती मिली मावलं ते थेट उत्तर. कागदावरच्या हिशेबात पोर्टचे कोनेकोपरे नेहमी राहून जातात.

कॅम, गिअर, टायमिंग

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. १ मॉड्यूलचे २० आणि ४० दात्यांचे तयार गिअर घ्या; दोघांच्या मध्यांमधलं अंतर ३० मिमी येतं. मी ते ५ शतांश जास्तच ठेवतो, घट्ट बसलेले गिअर किंचाळतात.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनच्या खालच्या टोकाच्या ४० अंश आधी उघडून वरच्या टोकानंतर १० अंशांनी बंद करा. क्रँकचे २३० अंश झाले, म्हणजे कॅमवर ११५. कॅम सिल्व्हर स्टीलचा करून कानशीने आकार द्या, चेरीसारखा लाल तापवून पाण्यात विझवा आणि नंतर गवती पिवळा रंग येईपर्यंत हळू तापवून पाणी उतरवा.

वरचं टोक डोळ्यांनी ठरवू नका, तिथे पिस्टन बराच वेळ थांबल्यासारखाच दिसतो. प्लगच्या भोकातून एक बोथट स्क्रू आत सोडा, फ्लायव्हील एका बाजूने तो टेकेपर्यंत फिरवून खूण करा, मग उलट्या बाजूने फिरवून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरं टोक.

ठिणगी आणि पेट्रोल

बॅटरीवर चालणारं तयार सीडीआय युनिट (ठिणगी पाडणारं) आणि हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की इशारा देणारा) लावा, १० मिमी आट्यांचा लहान प्लग पुरेल. सेन्सर बहुधा चुंबकाच्या एकाच ध्रुवाला ओळखतो. चिकटवण्याआधी कोणती बाजू ते तपासून खूण करा. प्लग इंजिनाच्या बॉडीला टेकलेला नसताना युनिट चालवू नका, ते जळतं. ठिणगी वरच्या टोकाच्या १० अंश आधी. फ्लायव्हील १२० मिमीची असेल तर रिमवर एक अंश म्हणजे सुमारे १.०५ मिमी, तेव्हा साडेदहा मिमीवर खूण करा की झालं.

कार्ब्युरेटर म्हणजे ५ मिमीचा गळा, त्यात आडवी बारीक नळी आणि तिच्या भोकात शिवणाची सुई. सुईच्या आट्यांतून हवा शिरली तर मिश्रण कधीच स्थिर होणार नाही, म्हणून तिथे घट्ट बसणारी बारीक रबरी नळी चढवा. टाकीतलं पेट्रोल जेटच्या ८ ते १० मिमी खाली राहावं. वर राहिलं तर बंद इंजिनातही ठिबकत राहील. वाटेत स्टीलच्या गोळीचा चेक व्हॉल्व्ह टाका, नाहीतर न पेटलेल्या फेऱ्यांत पेट्रोल मागे जातं.

पहिल्यांदा चालवताना

प्लग काढून, भरपूर तेल घालून, इंजिन दुसऱ्या मोटरने बेल्टवर तासभर हळू फिरवा. तेल काळं होईल. पुसून नवं घाला. नंतर प्लग लावून हाताने फिरवून बघा. कॉम्प्रेशनच्या टप्प्यावर फ्लायव्हील अडून उलटी उसळी घेते का? घेत असेल तर काम जवळजवळ फत्ते.

इंजिन पाटावर पक्कं बोल्ट करा, खोलीत नाही, मोकळ्या हवेत. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. पेट्रोलचा डबा झाकण लावून दूर ठेवा. सुई दीड फेरा उघडा, इनलेटवर बोट ठेवून दोन फेरे फिरवा, मग बोट काढून झटका द्या. कार्ब्युरेटरमधून फटाका फुटला तर इनलेट गळतोय किंवा ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय. प्लग ओला निघाला तर सुई बंद करून दहा-बारा फेरे कोरडे फिरवा. एकच ठोका देऊन थांबत असेल तर सुई पाव-पाव फेरा फिरवत जा आणि प्रत्येक जागा कागदावर लिहून ठेवा. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

धरलं की पाचेक मिनिटंच चालवा. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा एकदा समोरासमोर आवळा, एक्झॉस्टच्या दांडीपाशी फट शिल्लक आहे का बघा. आणि सिरिंज हाताशी असू द्या: तापून थंड झालेल्या हेडवर व्हॉल्व्हची तीच पाच सेकंदांची चाचणी पुन्हा घ्यायची आहे.